चाकूचं पातं नव्हे, सांधा बघा: रानात न्यायचा चाकू निवडताना या चुका टाळा

चाकू घेताना आपण सगळेच आधी पातं बघतो. त्याची लांबी, चमक, टोकाचा बाक. पण रानात चाकू दगा देतो तो बहुतेक वेळा सांध्यात, पातं मुठीला जिथे मिळतं तिथे. निवडताना नजर आधी तिथे जाऊ द्या.

घडीच्या चाकूने लाकूड फोडणं

ही चूक मी स्वतः केली आहे. दिवसभर पाऊस झाला होता आणि सरपण बाहेरून ओलंचिंब होतं. अशा लाकडाचा गाभा बऱ्याचदा कोरडा असतो, पण तो मिळवायला फांदी उभी चिरावी लागते. खिशात फक्त घडीचा चाकू होता. मनगटाएवढ्या फांदीवर पातं टेकवलं आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायला लागलो. चौथ्या ठोक्याला लॉक, म्हणजे उघडं पातं धरून ठेवणारा खटका, सरकला आणि पातं तर्जनीवर मिटलं. जखम भरायला तीन आठवडे गेले.

असं का होतं ते समजून घ्या. पात्याच्या टोकाकडे पाठीवर बसणारा ठोका पात्याला मिटण्याच्याच दिशेने ढकलतो. तो सगळा मार एका छोट्याशा लॉकवर आणि एका पिनेवर येतो. दुसरं काही हाताशी नसेल, तर चाकूने आधी लाकडाची पाचर तासून घ्या, फांदीच्या तोंडाशी असलेल्या भेगेत ती बसवा आणि ठोके पाचरीवर घाला.

घडीचा चाकू वाईट नाही. दोरी कापणं, पाकीट उघडणं, काटकी तासणं, पट्टी कापणं यासाठी तोच बरा. फक्त लॉक तपासून घ्या. पातं उघडा, बोटं त्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पाठ लाकडावर हळूहळू दाबा. लॉक जराही सरकलं तर तो चाकू घेऊ नका. आधीचा चांगला चाकू अचानक सरकायला लागला, तर लॉकच्या पट्टीमागे बघा. खिशातला कापूस आणि माती तिथे साचलेली असते. ब्रशने साफ करा. पातं डुगडुगत असेल तर पिनेचा स्क्रू किंचित आवळा. एवढं करूनही लॉक सरकत असेल, तर त्या चाकूला निवृत्त करा. विक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या 91 मिलिमीटरच्या लाल चाकूचं पातं मुळात लॉकच होत नाही, त्यामुळे त्या पात्याने भोक पाडायला जाऊ नका. ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूला फिरत्या कडीचं लॉक 1955 पासून आहे आणि ते चांगलं आहे, पण त्याची लाकडी मूठ ओलाव्याने फुगते आणि पातं अडकून बसतं. सावलीत वाळू द्या, मग सांध्यात तेलाचा थेंब सोडा. पक्कड लावून ओढू नका.

मुठीच्या आत काय आहे ते न विचारणं

बाहेर मुक्काम करायचा असेल तर मुख्य चाकू अखंड पात्याचा, म्हणजे फिक्स्ड ब्लेड, हवा. त्यातही फुल टँग बघा. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असतं आणि बऱ्याच चाकूंत मुठीच्या कडेने त्याची रेघ दिसते. पोकळ मुठीत गळ, काडेपेटी आणि वर होकायंत्र असलेले चाकू अजिबात घेऊ नका. नेमक्या नाजूक जागी पोकळी असते, आणि पातं तिथूनच निखळतं.

याला अपवादही आहे. मोरा या स्वीडिश कंपनीचा कंपॅनियन चाकू फुल टँग नाही, पातं साधारण 2.5 मिलिमीटर जाड, तरी तासकामाला तो उत्तम. त्याने पहारीसारखं उचकटायला गेलात, तर चूक तुमची. मोरा कंपनीचाच गार्बर्ग फुल टँग आहे, 3.2 मिलिमीटरचा.

लांबीच्या मोहात खूप जण पडतात. 10 ते 13 सेंटिमीटरचं पातं जवळपास सगळ्या कामांना पुरतं. त्याहून लांब पात्याचं टोक हातापासून दूर जातं आणि बारीक कामात ताबा राहत नाही. जाडीचंही तसंच. 6 मिलिमीटरचं पातं लाकूड फोडतं छान, पण कापायला घेतलं की पाचरीसारखं अडकतं. पात्याच्या बुडाशी करवतीचे दाते नकोत. तासताना सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो आणि तीच जागा दाते खाऊन टाकतात. पाठ मात्र काटकोनी, कडक कडांची असू द्या, म्हणजे फेरो रॉडवर, विस्तव पेटवायच्या धातूच्या कांडीवर, ठिणगी तिनेच पाडता येते आणि धार वाचते.

पोलादाच्या नावांवरून वाद घालण्यात वेळ दवडू नका. 1095 सारखं कार्बन पोलाद पटकन धारेला लागतं, पण पुसलं नाही तर गंजतं. पाऊस किंवा समुद्रकिनारा असेल तर स्टेनलेस घ्या. फार कडक पोलाद हाडावर किंवा गाठीवर आपटलं की धारेचे कपचे उडतात.

धार नीट लागली नाही तर चाकूला दोष देणं

"नवा चाकू दोन दिवसांत बोथट झाला" ही तक्रार मी खूपदा ऐकतो. बहुतेक वेळा कारण असतं ‘बर’ (burr). दगडावर एक बाजू घासली की धारेवर पोलादाची केसासारखी कड दुसऱ्या बाजूला वळते. पाठीकडून धारेकडे अंगठा आडवा सरकवला की ती खरखरीत लागते. अंगठा धारेच्या दिशेने मात्र कधीच फिरवू नका. ही कड तशीच राहिली तर चाकू पहिल्यांदा कमालीचा धारदार वाटतो आणि चार काप झाले की ती दुमडते. शेवटी हलक्या हाताने आलटून पालटून घासा, मग चामड्यावर पातं मागे ओढा. ग्राइंडरवर तर नेऊच नका. धार निळी पडली म्हणजे तिथलं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलं.

खरेदीपूर्वी मूठ ओल्या हाताने धरून बघा, आणि हातमोजा घालूनही. बोटं धारेवर घसरू नयेत म्हणून पुढे आडोसा हवा. म्यानात चाकू घालून, खाली मऊ काही अंथरून, म्यान उलटं करून झटका. चाकू निसटला तर ते म्यान नको. बाळगण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधी बघा. विमानात चाकू फक्त चेक-इन सामानात.

म्यान चामड्याचं असेल तर घरी आल्यावर चाकू त्यात ठेवू नका. चामडं ओलावा धरतं. पातं पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि चाकू बाहेरच ठेवा.