शेतकरी उत्पादक कंपनी चालवताय? सोयाबीनच्या पहिल्या ट्रकाआधी या चुका टाळा

तीनशे सभासद, प्रत्येकाचा हजार रुपयांचा शेअर. म्हणजे भांडवल झालं तीन लाख. सोयाबीनचा भाव क्विंटलला 4,300 रुपये धरला तर या पैशात सत्तर क्विंटलही माल येत नाही. दहा टनांचा एक ट्रकसुद्धा भरत नाही. आणि याच तीनशे जणांच्या घरात दिवाळीच्या आगेमागे पाच-सहा हजार क्विंटल सोयाबीन पोत्यांत भरून पडलेलं असतं.

मी लातूर-धाराशिव भागातल्या काही शेतकरी उत्पादक कंपन्यांचे, म्हणजे सभासद शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कंपन्यांचे, हिशेब पाहतो. नारळ फुटला, फोटो निघाले, पहिला हंगाम कसाबसा गेला आणि दुसऱ्या दिवाळीला गोदामाला कुलूप, हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलंय. संचालक दर वेळी सांगतात, बाजार पडला. वह्या उघडल्या की दिसतं ते वेगळंच: बाजार पडायच्या कितीतरी आधी खेळतं भांडवल अडकून बसलेलं असतं. खाली ज्या चुका लिहितोय त्या जवळपास सगळ्या याच एका दुखण्याच्या आहेत.

खिशात सत्तर क्विंटलचे पैसे, बोलणं हजार क्विंटलचं

गावातला व्यापारी काट्यावरच रोख मोजतो. पेरणीच्या वेळी त्यानेच उचल दिलेली असते. कंपनी म्हणते, आठ दिवसांत खात्यावर जमा करू. पहिल्या खेपेला सभासद मान्य करतात, कारण कंपनी आपली आहे. पण माल घेणाऱ्या तेल प्लांटकडून पैसे यायला पंधरा-वीस दिवस लागतात. तोवर दुसऱ्या खेपेचा माल येऊन पडतो, त्याचे पैसे द्यायला खात्यात काही नसतं. तिसऱ्या खेपेला सभासद ट्रॅक्टर सरळ व्यापाऱ्याकडे वळवतो.

मग मीटिंगमध्ये त्याला बेइमान ठरवलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. मळणीवाल्याचे पैसे थकलेत, मजूर दारात उभे आहेत, पोराची फी भरायची आहे. त्याला पैसे आज हवेत, आणि आज द्यायची ताकद आपल्यात नव्हती. ही चूक त्याची नाही, आपल्या नियोजनाची आहे.

पहिल्या वर्षी खरेदी करूच नका, असं मी आता स्पष्ट सांगतो. माल सभासदाचाच राहू द्या. कंपनीने ओलावा मोजून द्यावा, चाळणी मारून द्यावी, दहा जणांचा माल एका गाडीत घालून प्लांटला न्यावा आणि क्विंटलमागे ठरलेली सेवा रक्कम घ्यावी. यात नफा थोडा आहे, पण भांडवल अडकत नाही, आणि संचालकांना धंदा शिकायला मिळतो.

खरेदी करायचीच असेल तर किमतीचा मोठा भाग त्याच दिवशी आणि उरलेला विक्रीची पट्टी (हिशेबाची चिठ्ठी) आल्यावर, असा ठराव आधी लिहून घ्या. किमतीचा काही भाग राखून नंतर देण्याची तरतूद उत्पादक कंपन्यांच्या कायद्यातच आहे. फक्त ते सभासदाला माल घालण्याआधी माहीत असलं पाहिजे, नंतर नाही.

ज्याला थांबायचं आहे त्याला तारणाचा रस्ता दाखवा. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. त्यात भाग घेणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते. गावात खासगी उचलीचा दर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आमच्या कंपन्यांचे कित्येक संचालक बाजार समितीत जाऊन या योजनेची साधी चौकशीही करत नाहीत. कंपनीला स्वतःला कर्ज हवं असेल तर नाबार्डची नॅबकिसान ही वित्तसंस्था याच कामासाठी आहे. पण तिथे जाताना दोन वर्षांचे नीट तपासलेले हिशेब हातात हवेत.

आणखी एक. दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करण्याच्या केंद्राच्या 2020 च्या योजनेत सभासदाच्या शेअरइतकंच, माणशी 2,000 रुपयांपर्यंत आणि एका कंपनीला जास्तीत जास्त 15 लाखांपर्यंत, भागभांडवल अनुदान मिळतं. ज्या कंपनीने शेअर हजाराचाच ठेवला तिने निम्मी रक्कम सोडून दिली. शेअर वाढवा. आणि आलेले पैसे केबिन, सोफा, फ्लेक्स यांत घालू नका. ते माल फिरवण्यासाठी आहेत.

ट्रक भरताना न केलेला हिशेब

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच गळतो आणि गळताना कुणाला दिसतही नाही.

तेल प्लांटचा भाव असतो 10-2-2 च्या मालाला. म्हणजे ओलावा 10 टक्के, माती-काडी 2 टक्के, डागी दाणे 2 टक्के. आमच्याकडे व्यापारी ओलाव्याला ‘हवा’ म्हणतात. ऑक्टोबरच्या पावसात निघालेल्या सोयाबीनची हवा 14 असते, कधी त्याहूनही वर.

समजा कंपनीने 100 क्विंटल माल 4,300 ने घेतला, हवा 14. प्लांटचा भाव आहे 4,650. फरक 350 चा. संचालक मनातल्या मनात पस्तीस हजार मोजून मोकळे होतात.

आता खरं मोजू. 14 वरून 10 वर सुकवल्यावर 100 क्विंटलचे साडेपंचाण्णव राहतात. (सुका भाग 86 क्विंटल; तो 90 टक्के असायला हवा, म्हणून 86 भागिले 0.90. बरेच जण नुसते चार वजा करून 96 धरतात, तिथेच अर्धा क्विंटल हुकतो.) चाळणीत दीड टक्का माती-काडी गेली की हातात राहिले 94. चौऱ्याण्णव गुणिले 4,650, म्हणजे 4,37,100 रुपये. खरेदीला गेले 4,30,000. उरले सात हजार शंभर. त्यातून हमाली, बारदाना, सुतळी, चाळणीची वीज असे क्विंटलमागे 90 धरा, म्हणजे 9,000. प्लांटपर्यंतची गाडी क्विंटलमागे 80, म्हणजे साडेसात हजार. वीस दिवस अडकलेल्या पैशाचं 12 टक्क्यांनी व्याज, अठ्ठावीसशे. एकूण खर्च एकोणीस हजारांच्या वर.

म्हणजे पस्तीस हजारांचा नफा जिथे दिसत होता, तिथे एका ट्रकमागे बारा हजार रुपये तोटा आहे. असे दहा ट्रक भरले तर तीन लाखांच्या भांडवलातले सव्वा लाख गेले. आणि तरीही उलाढाल त्रेचाळीस लाखांची झाली म्हणून वार्षिक सभेत टाळ्या वाजतात.

उपाय अवघड नाही. ओलावा मोजायचं यंत्र काट्याशेजारी ठेवा आणि प्रत्येक सभासदाचा आकडा त्याच्या पावतीवर लिहा. दर सरसकट देऊ नका. 10 हवेला हा भाव, पुढच्या प्रत्येक टक्क्याला इतकी कपात, असा तक्ता खरेदीच्या आधी गोदामाच्या दारावर लावा. सुरुवातीला कुरकुर होते. पण ज्याने चार दिवस उन्हात माल वाळवला त्याला ओला माल आणणाऱ्याइतकाच भाव देणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि पुढच्या वर्षी तोही ओलाच माल आणणार. यंत्राचा आणि प्लांटचा आकडा जुळतो का ते पहिल्या गाडीलाच पाहा. आमच्या एका कंपनीचं यंत्र सव्वा टक्का कमी दाखवत होतं, ते हंगाम संपल्यावर कळलं.

भाव वाढेल म्हणून थांबणं

2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. मग सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, नवा माल आला आणि दिवाळीपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. पण लोकांच्या मनात राहिला तो दहा हजारांचाच आकडा. त्या आठवणीवर पुढची दोन-तीन वर्षं घराघरांत आणि कंपन्यांच्या गोदामांत माल पडून राहिला.

शेतकऱ्याने स्वतःचा माल थांबवणं वेगळं. कंपनीने सभासदांच्या भांडवलावर आणि कर्जाच्या पैशावर थांबणं म्हणजे सट्टा आहे. 4,300 रुपयांवर 12 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 43 रुपये. गोदामभाडं, तूट, कीड धरली तर थांबण्याचा खर्च महिन्याला क्विंटलमागे पन्नास-साठ रुपये. सहा महिन्यांनी भाव साडेतीनशेने वाढला तर तुम्ही जिथे होता तिथेच आहात. शिवाय डिसेंबर 2021 मध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. म्हणजे आज घेतलेल्या मालाचा पुढचा भाव बांधून ठेवायची जी एक सोय होती, तीही हाताशी राहिली नाही. त्यामुळे माझा आग्रह असतो: कंपनीने आज घेतलेला माल या आठवड्यात विकलाच पाहिजे.

आधी यंत्र, मग धंदा

अभ्यासदौरा नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीला जातो. तिथली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी पाहून माणसं भारावतात, आणि भारावण्यासारखंच काम आहे ते. 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांचे 310 कोटी रुपये शेतकऱ्यांच्या या कंपनीच्या उपकंपनीत आले. परतीच्या बसमध्ये ठरतं, आपणही प्लांट टाकू. पण सह्याद्रीचे संस्थापक विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली ती निर्यातीच्या द्राक्षांपासून, आणि कारखान्याआधी त्यांनी ग्राहक बांधले होते. हे बसमध्ये कुणी बोलत नाही.

क्लीनिंग-ग्रेडिंगचं युनिट घ्यायच्या आधी एकच भागाकार करा. कर्जाचा हप्ता, विमा, ऑपरेटरचा पगार, विजेचा स्थिर आकार मिळून वर्षाला सहा लाख धरू. चाळणीचे क्विंटलला 60 मिळतात, त्यातले 20 चालवण्यात जातात, उरतात 40. सहा लाख भागिले 40 म्हणजे 15,000 क्विंटल. तीनशे सभासदांनी घरातला दाणा न् दाणा आणला तरी सहा हजार होतात. उरलेले नऊ हजार कुठून येणार? याचं उत्तर शेजारच्या गावांच्या नावांसह, तूर-हरभऱ्याच्या अंदाजासह कागदावर देता येत असेल तर यंत्र घ्या. नसेल तर सध्या भाड्याने चाळणी आणा.

राज्याच्या स्मार्ट (बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन) प्रकल्पात मंजूर खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, म्हणून लोक धीट होतात. पण आधी खर्च, मग पडताळणी, मग पैसे असा तो क्रम आहे. मधल्या महिन्यांचं व्याज कंपनीच भरते. एका गावात याच काळात हप्ते भरायला खरेदीचे पैसे वापरले गेले. यंत्र चकचकीत उभं राहिलं आणि चाळायला माल घेण्यापुरते पैसे उरले नाहीत.

पगाराचंही तसंच. केंद्राच्या योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत मिळून 18 लाखांपर्यंत मदत आहे. चौथ्या वर्षी ती थांबते आणि मुख्य कार्यकारी अधिकारी नोकरी सोडतो. दुसऱ्या वर्षापासूनच त्याच्या पगाराचा काही भाग कंपनीच्या कमाईतून निघाला पाहिजे. निघत नसेल तर ते दुखणं तेव्हाच दिसू द्या.

कागद

हे थोडक्यात. कंपनी सुरू झाल्याचं घोषणापत्र 180 दिवसांत द्यायचं. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दरवर्षी भरायचं, धंदा शून्य असला तरी. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर 73,000, म्हणजे आपल्या तीन लाखांचा जवळपास चौथा हिस्सा. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. ज्यांनी केवळ गावाच्या भल्यासाठी सही केली अशा माणसांना ही नोटीस वाचून दाखवणं फार वाईट असतं.

संचालकाच्या भावाची गाडी, पुतण्याचं कृषी सेवा केंद्र वापरायला हरकत नाही. पण तीन ठिकाणचे दर घेऊन, ठरावात लिहून, आणि त्या विषयाला तो संचालक बैठकीतून उठून गेल्यावर.

दिवसाचा एक कागद

आता मी प्रत्येक कंपनीला हंगामात रोज संध्याकाळी एका कागदावर पाच आकडे लिहायला लावतो: आज आलेला माल, आज गेलेला माल, बँकेतली शिल्लक, प्लांटकडून येणं, सभासदांचं देणं. शिल्लक आणि येणं मिळून देण्यापेक्षा कमी झालं की दुसऱ्या दिवशी खरेदी बंद, मग अध्यक्षांचा माल दारात उभा असला तरी.

पहिल्या हंगामात दहाच्या दहा ट्रक तोट्यात घातलेल्या एका कंपनीने पुढच्या वर्षी एक दाणाही विकत घेतला नाही. फक्त चाळणी, वजन आणि एकत्र गाडी. कागद रोज गोदामाच्या दारावर खळीने चिकटवला जायचा. हंगाम संपला तेव्हा कुणाचं एक रुपया देणं नव्हतं, आणि आदल्या वर्षी व्यापाऱ्याकडे गेलेल्यांपैकी काही जण शेअर वाढवायचे पैसे घेऊन आले होते.