आधी हॉपर बघा: बॉयलरची राख पकडताना आणि परत जाळताना या चुका टाळा

चिमणीतून राखाडी लोट निघाला की सगळे वर बघतात. शेठ वर बघतात, मॅनेजर वर बघतो, नवा बॉयलर अटेंडंट तर मान अवघडेपर्यंत वर बघतो. मग ठरलेली वाक्यं येतात: "कोळसाच भुसभुशीत आलाय", "सायक्लोन गेला, नवा टाकू." बडोद्याच्या मकरपुरा आणि नंदेसरी या औद्योगिक वसाहतींतल्या बॉयलरांभोवती निम्मं आयुष्य घालवून मी एवढंच शिकलोय की दुखणं बहुतेक वेळा खाली असतं, राख जिथून बाहेर पडते तिथे.

सायक्लोन म्हणजे धुरातली राख पकडणारं, खाली निमुळतं होत जाणारं नळकांडं. त्यात धुराचा वायू कडेने, सेकंदाला साधारण १५ ते २० मीटर वेगाने शिरतो आणि गरगर फिरतो. जड कण भिंतीला घासत खाली हॉपरमध्ये, म्हणजे राख गोळा करणाऱ्या बुडाच्या टाकीत पडतात, वायू मधल्या भोवऱ्यातून वर निघून जातो. हे सगळं आयडी फॅनच्या, म्हणजे धूर चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्याच्या ओढीवर चालतं, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, आणि भोवऱ्याच्या गाभ्यात तर सगळ्यात कमी. आता हॉपरच्या बुडाला बोटभर फट ठेवा. बाहेरची हवा तिथून सुसाट आत घुसते आणि नुकतीच खाली बसलेली राख उचलून थेट गाभ्यात नेते. तुम्ही पकडलेला चोर मागच्या दाराने स्वतःच सोडून देता.

एका कारखान्यात, नाव नको, सहा टनी (तासाला सहा टन वाफ देणारा) बॉयलर होता. चिमणीखालच्या गाड्यांवर रोज राखेचा थर. प्रदूषण मंडळाचा नमुना घ्यायला माणूस यायचा होता आणि सायक्लोनचे सगळे कोन (खालचे निमुळते शंकू) बदलायचं कोटेशन शेठच्या टेबलावर पोचलंही होतं. मी रात्रपाळीला गेलो, एक अगरबत्ती पेटवली आणि हॉपरभोवती फिरवली. फ्लॅप व्हॉल्व्हपाशी, म्हणजे राख सोडून वजनाने आपोआप मिटणाऱ्या झडपेपाशी, धूर असा आत ओढला गेला की जणू कोणी चिलीम मारतंय. वाकून बघतो तर फ्लॅपचं वजन तारेने वर बांधलेलं! हेल्परला विचारलं. म्हणाला, "साहेब, रात्रभर खटखट करतो, डोळा लागत नाही. ऑपरेटर म्हणाले, बांध, चालशे."

हे गुजराती "चालशे", म्हणजे "चालेल", मी बडोद्यात इतक्यांदा ऐकलंय की हा शब्द बॉयलरच्या पाटीवर कोरायला हरकत नाही. ऑक्सिजन मोजला तर सायक्लोनच्या आधी ६ टक्के, नंतर ८. ऐकायला दोनच टक्के, पण हिशेब केला तर मूळ वायूच्या सुमारे १५ टक्के फुकटची हवा आत येत होती. आयडी फॅन तीही ओढत होता आणि विजेचं बिल शेठ भरत होते. तार कापली, फ्लॅपची बैठक घासली, हॉपरच्या दाराला फट बुजवणारा नवा दोर बसवला. सकाळी चिमणी शांत. कोटेशन रद्द झालं म्हणून शेठनी सगळ्यांना शेव-उसळ खिलवली, हेल्परलाही.

तेव्हापासून माझी सवय आहे: दर सोमवारी अगरबत्ती. कोळशाच्या बंकरजवळ मात्र हा उद्योग करू नका.

दुसरी चूक हुशार लोक करतात. राखेत न जळलेला कार्बन दिसतो, हातात घेतली तर काळी लागते. मग कोणीतरी म्हणतं, सगळी राख परत भट्टीत फुंका, कोळसा वाचेल. कल्पना खोटी नाही. सर्क्युलेटिंग बेडचा मोठा बॉयलर तर त्यावरच चालतो: ८५० ते ९०० अंशांच्या आसपासचा गरम माल सायक्लोनमधून लूप सीलमार्गे (वायूला उलटं येऊ न देणाऱ्या वाकड्या पाइपातून) पुन्हा भट्टीत. पण तो बॉयलर त्यासाठी बांधलेला असतो, भट्टी उंच, राख काढायची सोय वेगळी. तुमच्या लहान बॉयलरला पाइप जोडला म्हणून तो तसा होत नाही.

कागद-पेन्सिल घ्या. समजा सायक्लोन ८० टक्के पकडतो आणि पकडलेली सगळी राख तुम्ही परत पाठवता. कार्बन जळेल, पण माती-दगड जळत नाहीत. ती खनिज राख फिरत राहते आणि फिरता फिरता नव्या राखेच्या पाचपट होते, तेव्हा कुठे हिशेब जमतो. कारण पाचपटीतला २० टक्के भाग, म्हणजे नव्या राखेइतकीच राख, सायक्लोन चुकवून पुढे जाते. भट्टीच्या तळातून, बेडमधून, जेवढी राख काढाल तेवढीच यातून वजा. म्हणजे सायक्लोन असून नसल्यासारखा, आणि पाचपट वाळू इकॉनॉमायझरच्या, म्हणजे जाणाऱ्या धुरावर बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या, नळ्यांवर घासते. नळी फुटली की वाचवलेल्या कोळशाचा हिशेब कोणी मागत नाही.

मी काय करतो? जाड राख, जी पहिल्या हॉपरमध्ये पडते आणि जिच्यात कार्बन जास्त, तेवढीच परत. बॅग फिल्टरची (कापडी पिशव्यांतून धूर गाळणाऱ्या यंत्राची) मैद्यासारखी राख कधीच नाही. ती भट्टीतून क्षणात पार होते, जळायला वेळच मिळत नाही. आणि परत पाठवण्याआधी राखेचा जळून बघण्याचा नमुना करून घ्या. सिमेंटसाठी राख घेणारे ५ टक्क्यांच्या वर जळणारा भाग चालवून घेत नाहीत, तेव्हा नमुना तसाही लागणारच.

बाकीच्या चुका थोडक्यात. हॉपरला गोदाम समजू नका; राख साचून कोनापर्यंत चढली की सायक्लोन संपला. घणाने ठोकू नका, पत्र्याला पोचे पडतात आणि त्याच पोच्यांवर उद्याची राख अडकते. मल्टिसायक्लोनमध्ये, म्हणजे एकाच हॉपरवर अनेक लहान सायक्लोन-नळ्या असतात तिथे, एक नळी तुंबली तर शेजारच्या नळ्यांतला वायू हॉपरमधून तिच्यातून उलटा वर चढतो, म्हणून तोंडं साफ ठेवा. निम्म्या लोडवर चालवणार असाल तर काही नळ्या बंद करा. वेग पडला की पकड पडते. ड्राफ्ट मीटर (धुराची ओढ मोजणारं) महिनाभर एकच आकडा दाखवत असेल तर मीटरची नळी चोक आहे, बॉयलर इतका शिस्तीचा नसतो.

भरूच जिल्ह्यातल्या राजपारडीचं लिग्नाइट (तपकिरी कोळसा) जाळणाऱ्यांनी बॅग फिल्टरच्या कापडाचं भान ठेवावं. त्यात गंधक बरंच. वायू फार थंड केला तर आम्ल सुटून पत्रा आणि कापड दोन्ही खातं. गरम ठेवला तर साधं पॉलिस्टर १३० अंशांच्या वर फार टिकत नाही. इथे स्वस्त पिशव्या घेणारा दोनदा घेतो.

आणि हॉपरचं दार. गरम, बारीक राख पाण्यासारखी वाहते. तुंबलेली असताना दारासमोर उभं राहून सळई घालणारे नवशिके मी पाहिलेत. घाई असली तरी आधी ड्राफ्ट बघा, लोड कमी करा, बाजूला उभे राहा, जाड हातमोजे घाला आणि दार बोटभरच उघडा.