सव्विसाव्या वर्षी आई

पहिल्या व्यावसायिक नाटकात मला आईची भूमिका मिळाली तेव्हा मी २६ वर्षांची होते आणि रंगमंचावरचा माझा लेक माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. घरी येऊन रडले. पांढरा विग एकदा चढला की उतरत नाही, असं मेकअप रूममध्ये जो तो सांगायचा. नव्या मुली आजही तेच विचारतात, ‘आईचं काम घेऊ का?’

रोहिणी हट्टंगडींकडे बघा. पुण्याच्या, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नाट्यगुरू इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकलेल्या. ‘गांधी’तल्या कस्तुरबा तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत रंगवल्या त्या तिशीच्या आसपास, आणि बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळवला. १९८४च्या ‘सारांश’मध्ये एकुलता मुलगा गमावलेली म्हातारी केली तेव्हाही वय फार तर ३३. ‘अग्निपथ’मध्ये तर अमिताभ बच्चन त्यांचा मुलगा, म्हणजे आईपेक्षा आठेक वर्षांनी मोठा! पुढे ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग चाललं. विग त्यांनाही लवकरच चढला होता, पण त्याखाली शिक्षण होतं.

माझ्याकडे तेवढं नव्हतं. एकांकिका स्पर्धांवर पोसलेली मी. म्हातारी म्हणजे वाकायचं आणि खोकायचं. दिग्दर्शकांनी दोन्ही बंद केलं. मग आजीकडे बघत बसले. ती जमिनीवरून उठताना उंबरठ्यावर हात टेकायची आणि बोलणं तिथेच तुटायचं. उरलेलं वाक्य उभं राहिल्यावर. मी तेवढंच उचललं. शिवाजी मंदिरच्या प्रयोगात त्या तुटलेल्या वाक्यावर प्रेक्षागृह गप्प झालं.

हीच हुकमी जागा मी मालिकेत वापरायला गेले. उठेपर्यंत फ्रेमच्या बाहेर! कॅमेरा चेहऱ्यावर होता, हात-उंबरठा कुणाला दिसतच नव्हता. तिथे फक्त अडलेला श्वास ठेवायचा, हे कळायला मला दोन मालिका लागल्या. नाटकवाल्यांचं कॅमेऱ्यासमोर नेहमी हेच होतं, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची खोड जात नाही.

आता व्यवहाराचं. मालिकेची शिफ्ट १२ तासांची, लांबतेही. प्रयोगांच्या तारखा करारातच घालून घ्या. एका निर्मितीसंस्थेने मला ‘बघू, ॲडजस्ट करू’ म्हटलं, आणि कोल्हापूरच्या दौऱ्याची बस दादरहून सुटली तेव्हा मी सेटवर लग्नाच्या सीनमध्ये अक्षता टाकत होते. नाटकातलं काम रिप्लेसमेंटला गेलं ते गेलंच. शिवाय नाइटचं, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट प्रयोग संपला की हातात पडतं, मालिकेचे पैसे ९० दिवसांनी. पहिले तीन महिने मी भाडं नाइटवरच भरलं.

परवा एकाने ‘आजी’साठी विचारलं. वय आता भूमिकेच्या बरोबरीला आलंय. हो म्हणाले, नाइट किती, हे मात्र आधी विचारलं.