‘रिचर्ड दुसरा’ वाचताना या चुका टाळा

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड दुसरा’वरचे पेपर तपासायला घेतले की पहिलं वाक्य मला पाठ असतं: ‘रिचर्ड हा दुबळा, रडका राजा होता.’ अरे, पहिल्या अंकात तो रडतो कुठे? मोब्रे आणि बोलिंगब्रोक या दोन सरदारांचं द्वंद्वयुद्ध ऐन वेळी थांबवतो, मोब्रेला जन्मभर आणि बोलिंगब्रोकला दहा वर्षं हद्दपार करतो. मग बोलिंगब्रोकच्या म्हाताऱ्या बापाचे, म्हणजे आपल्याच काका गाँटचे, भरलेले डोळे दिसताच पोराची चार वर्षं एका शब्दात माफ! दुबळेपणा असलाच तर तो या लहरीत आहे.

एकदा कॉलेजच्या मुलांची तालीम घेत होतो. रिचर्ड करणारा पोरगा गुणी, पण यूट्यूबवर मुकुट सोडण्याचा प्रवेश तेवढा बघून आलेला. पहिल्या वाक्यापासून आवाज ओला. तिसऱ्या अंकात बातमी येते, की राजा मेल्याची आवई उठली आणि बारा हजार वेल्श सैनिक आदल्याच दिवशी पांगले. तिथे त्याला कोसळायचं होतं, पण तो आधीच तळाशी. आठवडाभर खुर्चीत बसवून फक्त पहिला अंक वाचून घेतला. रुसला. पण नंतर फ्लिंटच्या किल्ल्यावरून उतरताना ‘खाली’ हा शब्द त्याने असा टाकला, की विंगेतली कुजबुज थांबली.

दुसरी चूक गाइडवाल्यांची: ‘गाँट मेल्यावर राजाने त्याची मालमत्ता जप्त केली, म्हणून बोलिंगब्रोकचं बंड झालं.’ जप्ती महत्त्वाची आहेच. मुलाचा वारसा नाकारलास तर तू तरी कोणत्या हक्काने राजा, असं राजाचा दुसरा काका यॉर्क तोंडावर विचारतो. रिचर्ड बसल्या फांदीवरच कुऱ्हाड घालतोय. पण त्याच प्रवेशाच्या शेवटी कळतं, की बोलिंगब्रोक आठ जहाजं आणि तीन हजार माणसं घेऊन इंग्लंडकडे निघालेलासुद्धा आहे! बाप आत्ता गेला, जप्ती आत्ता झाली, मग हा निघाला कधी? शेक्सपिअर सांगत नाही. मी अशा जागी समासात पेन्सिलीने फुली मारतो. सारांश वाचणाऱ्यांना ही जागा कधीच दिसणार नाही.

बाकीच्या किरकोळ. गाँटचं इंग्लंडवरचं भाषण स्तुतीपाशी तोडू नका. ते वाक्य संपतं देश भाडेपट्ट्याने दिल्याच्या तक्रारीवर. नाटकातली राणी प्रौढ आहे, इतिहासातली इझाबेला १३९९ मध्ये जेमतेम नऊ-दहा वर्षांची पोर होती. मुकुट सोडण्याचा प्रवेश १५९७ च्या छापील प्रतीत नाही, १६०८ मध्ये आला. ‘सेन्सॉरने कापला’ हा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच लिहा.

आणि ‘या नाटकामुळे राणी एलिझाबेथविरुद्ध एसेक्स या सरदाराचं बंड झालं’ हे तर नकोच. एसेक्सच्या माणसांनी ७ फेब्रुवारी १६०१ ला चाळीस शिलिंग जादा मोजून जुनं नाटक लावायला लावलं. बंडाची जुळवाजुळव आधीपासून चालू होती. दुसऱ्या दिवशी ते लंडनच्या रस्त्यावर उतरले, तर शहरातलं कुणी मागे आलंच नाही.