बायोलॉजिक सुरू करण्याआधी टीबीची तपासणी अशी करून घ्या

मी संधिवाताच्या ओपीडीत नर्स आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने बेजार झालेल्या माणसाला बायोलॉजिकचं, म्हणजे सांधे सुजवणारं प्रथिन रोखणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन आजच हवं असतं, आणि मी आधी टीबीच्या तपासणीसाठी अडून बसते.

टीबीचे जंतू शरीरात शिरले तरी पुष्कळदा रोग होत नाही. पेशी त्यांना वेढा घालून कोंडून ठेवतात; ना ताप, ना खोकला. हा वेढा टिकवायला टीएनएफ नावाचं प्रथिन लागतं. सांधे सुजवण्यातही त्याचाच हात असतो, म्हणून इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब ही बायोलॉजिक औषधं नेमकं तेच रोखतात. मग वेढा सैल पडून कोंडलेले जंतू जागे होऊ शकतात. एटॅनरसेप्ट या तशाच औषधात धोका त्या मानाने कमी, पण तपासणी त्यालाही चुकत नाही. संधिवाताच्याच टोफासिटिनिबच्या गोळ्यांनाही नाही.

घरात, कामावर कुणाला टीबी झाला होता का ते आठवून सांगा, कितीही जुनं असो. मग छातीचा एक्स-रे, आणि मांटू ही हातावर टोचून करायची चाचणी किंवा इग्रा ही रक्ततपासणी. मांटूचं इंजेक्शन घेतल्यावर ४८ ते ७२ तासांत हात दाखवायला याच. फोटोवर भागत नाही. लाली मोजायची नसते, कडक फुगवटा मोजायचा असतो. मी बॉलपेन बाहेरून आत सरकवत नेते, अडेल तिथे थांबते, दुसऱ्या बाजूनेही तसंच, आणि मधलं अंतर पट्टीने मोजते. तुमच्या आजारात ५ मिमी भरलं तरी पॉझिटिव्ह. स्टेरॉइड चालू असेल तर फुगवटा दबू शकतो, म्हणून डोस लिहून आणा.

पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाच असं नव्हे. सक्रिय रोग नाही याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या देतात. साधारण महिनाभर त्या पोटात गेल्या की बायोलॉजिक सुरू करता येतं. गोळ्यांचा कोर्स मात्र पुरा करायचा. या गोळ्यांतलं आयसोनियाझिड आणि संधिवाताचं मेथोट्रेक्झेट दोन्हींचा भार यकृतावर पडतो, तेव्हा लिव्हरची रक्ततपासणी चुकवू नका, दारू नकोच. गोळ्यांत रिफॅम्पिसिन असेल तर त्याने प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा असर घटतो. सांधे पुन्हा धरले तर डॉक्टरांना सांगा.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर खोकल्याची वाट बघत बसू नका, हे मी प्रत्येकाला हात धरून सांगते. या औषधांवर टीबी पुष्कळदा फुप्फुसाबाहेर होतो: मानेतल्या गाठी, पोट, मणका. संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, उतरणारं वजन यातलं काही दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.