क्रेटॉसची १५ सेंमी मूर्ती: तारेपासून वॉर्निशपर्यंत

क्रेटॉस म्हणजे 'गॉड ऑफ वॉर' या व्हिडिओ गेमचा नायक. आधी गेममधले त्याचे पुढून, बाजूने आणि मागून असे तीन स्क्रीनशॉट मूर्तीच्याच मापात छापून घ्या. १५ सेंमी उंचीला डोकं साधारण २ सेंमी.

सांगाड्यासाठी दीड मिमीची अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून वापरा. ती आणि एपॉक्सी पुटी (दोन भाग एकत्र मळले की कडक होणारा लगदा) पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते. पुटीचे दोन्ही भाग समान घ्या आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा; मळणं कमी पडलं तर आत मऊ ठिपके राहतात आणि घासताना तिथेच खड्डे पडतात. आधी पातळ थर देऊन तो कडक होऊ द्या, स्नायू त्यावर चढवा. सगळं एकदम थापलं की वजनाने घसरतं. मग २२० आणि ४०० नंबरचा पॉलिशपेपर, हातात दस्ताने आणि तोंडाला मास्क लावूनच.

राखाडी प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) स्प्रे २०-२५ सेंमीवरून, हलक्या हाताने. अॅक्रिलिक दुधाइतकं पातळ करून दोन-तीन हात द्या. जाड रंगाने चेहऱ्याची कोरीव रेषा बुजते. त्वचेला राखेसारखा फिकट रंग, खाचांत पातळ तपकिरी.

खरी कसोटी लाल गोंदणाची. ते आधी पेन्सिलने आखा, ००० नंबरच्या ब्रशने भरा. टोकावर रंग सुकत असेल तर थेंबभर रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव) मिसळा. कडा हलली तर त्वचेच्याच रंगाने दुरुस्त करा, म्हणून तो थोडा झाकून ठेवा.

मॅट वॉर्निशचा स्प्रे पुण्याच्या पावसाळ्यात भर सरीत मारू नका: दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. उघडीप नसेल तर ब्रशने लावायचं पाण्यातलं वॉर्निश बरं.