सगळी कॉन्फिगरेशन तपासणं शक्य नसेल, तर समान संधीचा नमुना कसा काढावा?

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडतीसाठी एक बिलिंग प्रोग्राम आहे असं धरा. चार ऑप्शन: इलेक्ट्रॉनिक काटा, पावतीची छपाई, ऑनलाइन पेमेंट आणि पावतीवर क्यूआर कोड. कोणता ऑप्शन चालू आणि कोणता बंद, याची एक पूर्ण निवड म्हणजे एक कॉन्फिगरेशन. काटा जोडलेला असेल तरच पावती छापता येते. क्यूआर कोडला पावती आणि ऑनलाइन पेमेंट दोन्ही लागतात. एकूण 16 कॉन्फिगरेशनपैकी 7 वैध ठरतात. एसएमएस हवा की नको आणि तीनपैकी एक भाषा हे धरलं, तर 42. एवढी सगळी तपासून होतात. पण लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, पंधरा हजारांहून जास्त ऑप्शन आहेत. तिथे नमुनाच काढावा लागतो, आणि प्रत्येक वैध कॉन्फिगरेशनला सारखी संधी मिळाली तरच त्या नमुन्यावरून पूर्ण सिस्टिमबद्दल काही म्हणता येतं.

1. अटी लिहून काढा. प्रत्येक ऑप्शनला एक हो-नाही चल द्या आणि अटी सीएनएफ सूत्रात (‘हे किंवा ते’ अशा छोट्या अटी ‘आणि’ने जोडलेल्या) मांडा. ऑप्शन आणि अटी मिळून झालं तुमचं मॉडेल. रूपांतर करणारं टूल जादा चल घालत असेल, तर त्यामुळे एकच कॉन्फिगरेशन दोनदा मोजलं जात नाही ना, हे लहान मॉडेलवर पडताळा. मोजणी इथे चुकली की पुढचं सगळंच चुकतं.

2. नुसतं नाणं उडवू नका. अटी पाळत क्रमाने एकेक ऑप्शन अर्ध्या-अर्ध्या शक्यतेने ठरवला, तर काटा नसलेली कॉन्फिगरेशन 1/2 वेळा येतात. त्यांचा खरा वाटा 2/7 आहे. क्यूआर कोडवालं कॉन्फिगरेशन 1/16 वेळाच येतं, खरा वाटा 1/7. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त भाग एकमेकांत अडकलेले असतात आणि बग लपायला जागा असते, नेमकं तेच निम्म्याहून कमी वेळा तपासलं जातं. लिनक्स कर्नेलची रँडम कॉन्फिगरेशन बनवणारी रँडकॉन्फिग ही सोयही समान संधी देत नाही. सॅट सॉल्व्हरची (सूत्रातल्या सगळ्या अटी पाळणारी उत्तरं शोधणाऱ्या प्रोग्रामची) पहिली शंभर उत्तरं उचलणं तर आणखी वाईट, कारण ती बहुधा एकमेकांची भावंडं असतात.

3. मोजून मग ठरवा. काटा चालू असलेली कॉन्फिगरेशन 7 पैकी 5, म्हणून काटा 5/7 शक्यतेने चालू करा. तो चालू झाला, तर पावती 3/5 शक्यतेने. तीही चालू झाली, तर ऑनलाइन पेमेंट 2/3. मग क्यूआर कोड 1/2. गुणाकार बरोबर 1/7. बाकीच्या सहा वाटांनी गेलात तरी 1/7 च येतो. एसएमएस आणि भाषा कशावरच अवलंबून नाहीत, त्या स्वतंत्रपणे 1/2 आणि 1/3 ने निवडा. मोठ्या मॉडेलसाठी ही मोजणी बीडीडी (सूत्राची हो-नाही फाट्यांची आटोपशीर आकृती) किंवा मॉडेल काउंटर (सूत्राची वैध उत्तरं मोजणारा प्रोग्राम) करतो. बीडीडीमध्ये चलांचा क्रम फसला तर मेमरी संपते. संबंधित ऑप्शन जवळजवळ ठेवा.

अटी न बघता सगळे ऑप्शन नाण्याने ठरवून, अवैध निघालं की पूर्ण टाकून पुन्हा काढणं हाही योग्य मार्ग आहे. इथे सरासरी 16/7, म्हणजे सव्वादोनच्या आसपास प्रयत्न लागतात. अटी वाढल्या की मात्र तो निरुपयोगी होतो.

4. सॅम्पलर, म्हणजे नमुने काढणारा तुमचा प्रोग्राम, तपासा. 7,000 नमुने काढा. चार ऑप्शनच्या 7 वैध कॉन्फिगरेशनपैकी प्रत्येकाला हजाराच्या आसपास यायला हवेत. काय-वर्ग (अपेक्षित आणि आलेल्या आकड्यांतली तफावत मोजणारी संख्या) 12.59 च्या वर गेला (7 कॉन्फिगरेशन म्हणून 6 मुक्ततांश; 5 टक्के पातळी, म्हणजे सॅम्पलर बरोबर असूनही शंभरात पाचदा असं होतं), तर आणखी एकदा चालवा; पुन्हा तेच झालं तर कोड उघडून बघा. मोठ्या मॉडेलवर प्रत्येक ऑप्शनचा नमुन्यातला वाटा मोजणीतून आलेल्या वाट्याशी ताडून पाहा.

5. नमुन्याचा आकार. 1 टक्का कॉन्फिगरेशनमध्ये असलेला बग 95 टक्के खात्रीने निदान एकदा दिसायला 299 नमुने लागतात; 5 टक्क्यांत असेल तर 59 पुरतात. 1 टक्क्याहूनही विरळ बगसाठी ऑप्शनच्या जोडीजोडीने वेगळी चाचणी लावा. सगळं बंद आणि डिफॉल्ट ही दोन कॉन्फिगरेशन हाताने घालाच, पण टक्केवारीत धरू नका.

6. बिघाड गटांत लावा. जेहिप्स्टर या वेब-ॲप जनरेटरची 26,256 कॉन्फिगरेशन संशोधकांनी एकूण एक तपासली. सुमारे 36 टक्के बिघडली, पण मुळाशी दोष सहाच होते. म्हणून एरर मेसेज सारखा असलेले बिघाड एकत्र ठेवा आणि त्या सगळ्यांत समान असलेले ऑप्शन शोधा. प्रत्येक नमुन्याबरोबर रँडम सीड (ज्यावरून तेच रँडम आकडे पुन्हा काढता येतात तो सुरुवातीचा आकडा) आणि मॉडेलची आवृत्ती जपून ठेवा, नाहीतर दुरुस्तीनंतर तोच नमुना पुन्हा चालवता येणार नाही.